मूलोत्पत्ती, सागाच्या ऊतिसंवर्धित फुटव्यांची
काचपात्रात वाढवलेल्या सागाच्या (टेक्टोना ग्रँडिस) फुटव्याला बुडाशी आगंतुक मुळे फुटण्याची क्रिया (पहा : ऊतिसंवर्धन, साग). पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी सागाची अशी रोपे तयार करण्याची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध केली. फुटवे वाढवण्यासाठी सायटोकायनीन लागते. मुळांसाठी इंडोल ब्यूटिरिक अम्लासारखे ऑक्सिन देतात (पहा : वनस्पती हॉर्मोने). त्यामुळे छेदाजवळ वाहक ऊतींलगतच्या पेशी विभागून मूलारंभक बनतात. कधी छेदावर आधी पांढुरका, भुसभुशीत किण धरतो. त्यातून निघालेल्या मुळाचा खोडाच्या वाहिन्यांशी सांधा बहुधा कच्चा राहतो आणि रोप मातीत तगत नाही. वयस्क झाडाचे फुटवे मुळे धरण्यास नाखूश असतात, आणि खरी अडचण हीच. कारण निवड करण्याजोगे गुण झाड मोठे झाल्यावरच दिसतात. मुळे धरलेल्या रोपांपासून निवडक वृक्षाची एकसारखी लागवड करता येते. बियांपासून हे साधत नाही.