अमेरिकेतील राज्य उद्याने : प्रवेश आणि मुक्कामाच्या शुल्कामागचे अर्थकारण

भारतात राष्ट्रीय उद्यानांचे दैनंदिन व्यवस्थापनही राज्यांच्या वन विभागांकडेच असते. अमेरिकेत मात्र या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने संघीय सरकारच्या अखत्यारीत येतात, तर राज्य उद्याने, म्हणजेच ‘स्टेट पार्क’, त्या-त्या राज्याच्या. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास राज्य उद्यानांत सहसा ग्राह्य धरला जात नाही, हे भारतातून जाणाऱ्या पर्यटकांनी लक्षात घ्यायला हवे.

राज्य उद्यानांत सामान्यतः दोन प्रकारचे शुल्क असते. प्रवेशशुल्क बहुधा वाहनामागे घेतले जाते, तर तंबू किंवा फिरत्या घरासाठीच्या जागेचे भाडे प्रत्येक रात्रीप्रमाणे आकारले जाते. वीज व पाण्याची जोडणी असलेल्या जागेचे दर अधिक असतात. अनेक राज्ये परराज्यांतील पर्यटकांकडून जादा रक्कम घेतात. झाडांना घातक किडींचा प्रसार रोखण्यासाठी बऱ्याच ठिकाणी शेकोटीचे लाकूड बाहेरून आणू दिले जात नाही. ते स्थानिक पातळीवरच विकत घ्यावे लागते. कॅलिफोर्नियात अनेक जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते.

उद्यानांचा खर्च कोणी उचलावा, याचे उत्तर प्रत्येक राज्याने वेगळे दिले आहे. मिझुरीत प्रवेश विनामूल्य आहे. तेथील मतदारांनी 1984 मध्ये 0.1 टक्का विक्रीकर मंजूर केला असून तो उद्याने आणि मृद्-जलसंधारणासाठी वापरला जातो. मुक्कामाचे शुल्क मात्र द्यावेच लागते. मिशिगनने 2010 पासून उद्यानांचा पास वाहननोंदणीच्या नूतनीकरणाशी जोडला. वॉशिंग्टन राज्याने अनुदान घटल्यानंतर 2011 मध्ये 30 डॉलरचा वार्षिक वाहन पास सुरू केला. ऑक्टोबर 2025 पासून त्याची किंमत 45 डॉलर झाली आहे.

शुल्क आणि अनुदान या दोन्हींवर अवलंबून राहण्यातील जोखीम कॅलिफोर्नियात दिसून आली. अर्थसंकल्पीय कपातीमुळे 2011 मध्ये तेथील 278 पैकी 70 उद्याने बंद करण्याचे जाहीर झाले. नागरिकांनी व स्वयंसेवी संस्थांनी देणग्या उभारून आणि व्यवस्थापनाचे करार करून त्यांपैकी बहुतेक उद्याने वाचवली. मात्र जुलै 2012 मध्ये उद्यान विभागाच्या दोन निधींत सुमारे 5 कोटी 40 लाख डॉलरची शिल्लक जाहीर न करता पडून असल्याचे उघड झाले. त्यानंतर विभागाच्या संचालकांनी राजीनामा दिला. एकीकडे लोक देणग्या देत असताना विभागाकडे पैसा शिल्लक होता, यामुळे देणगीदारांत तीव्र नाराजी पसरली.

शुल्काचे दर राज्यागणिक, हंगामानुसार आणि जागेनुसार बदलतात. त्यामुळे प्रवासापूर्वी संबंधित राज्याच्या उद्यान विभागाकडून चालू दर तपासून घेणे आवश्यक ठरते.