हिमालयातील सहा शास्त्रज्ञ आणि कालुगाचा बहिरा शिक्षक

१/ वर्ष २०१७. हिमालयाच्या रांगांमध्ये एका एकाकी प्रासादात सहा शास्त्रज्ञ राहतात : गॅलिलिओ, न्यूटन, लाप्लास, हेल्महोल्ट्झ, फ्रँकलिन आणि इव्हानोव्ह. पहिली पाच टोपणनावे आहेत. त्यांचे धारक अनुक्रमे इटालियन, इंग्रज, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकन, सहावा रशियन. अग्निबाणात बसून पृथ्वी सोडण्याची कल्पना त्या सहाव्याची. हे कथानक ‘पृथ्वीच्या पलीकडे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या रशियन कादंबरीचे. ती १९२० साली प्रसिद्ध झाली.

२/ लेखक कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्हस्की. जन्म १८५७. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या तापाने त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ हिरावून घेतली. शाळा सुटली. मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून ते गणित आणि भौतिकशास्त्र स्वतःच शिकले, आणि पुढे कालुगा या लहानशा गावी शिक्षकी करू लागले.

३/ कादंबरी त्यांनी १८९६ मध्ये लिहायला घेतली. ती पूर्ण होण्याआधी, १९०३ मध्ये, त्यांचा अग्निबाणावरील प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यातील सूत्र सांगते : अग्निबाणाचा अंतिम वेग दोन गोष्टींवर ठरतो, बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग आणि भरलेल्या व रिकाम्या यानाच्या वजनांचे गुणोत्तर. तेच इंधन वापरून वेग दुप्पट करायचा, तर ते गुणोत्तर ४ वरून ८ नव्हे, १६ वर न्यावे लागते.

४/ मात्र यान उडेल का, एवढेच सूत्र सांगते. आतला माणूस जगेल का, हे सांगत नाही. तो प्रश्न त्सिओलकोव्हस्कींनी कादंबरीकडे सोपवला. उड्डाणाच्या प्रचंड दाबात शरीर चिरडू नये म्हणून तिच्यातील प्रवासी द्रवाने भरलेल्या टाक्यांत पडून राहतात. अंड्याला धक्का बसू नये म्हणून ते पाण्यात ठेवावे, तसा हा विचार. प्रत्यक्षात टाक्या आल्या नाहीत. शरीराच्या आकाराबरहुकूम घडवलेली आसने आली. प्रश्न मात्र अचूक होता.

५/ पुढेही तेच. निर्वात अवकाशात बाहेर पडायचे, तर हवाबंद पोशाख आणि यानाशी बांधणारी दोरी हवी. दीर्घ मुक्कामासाठी अन्न आणि प्राणवायू देणारी हरितगृहे हवीत. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह खरोखरच दोरीने बांधलेले असे यानाबाहेर तरंगले. पण निर्वातात त्यांचा पोशाख फुगून ताठ झाला. आत शिरता येईना, तेव्हा त्यांना पोशाखातील हवा कमी करण्याचे धाडस करावे लागले.

६/ पुस्तकाचा प्रवासही खडतर ठरला. १९१८ मध्ये एका मासिकात ते क्रमशः येऊ लागले. मासिकच बंद पडले आणि कथा अर्धवट राहिली. नोव्हेंबर १९१९ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, चेका या गुप्त पोलिसांनी लेखकाला अटक करून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात ठेवले. काही आठवड्यांत सुटका झाली. पुढल्याच वर्षी संपूर्ण पुस्तक कालुगातून प्रसिद्ध झाले.

७/ मासिकात ही कथा येत होती ते वर्ष पहिल्या महायुद्धाचे. युरोपात जर्मन एका बाजूला, फ्रेंच आणि इंग्रज दुसऱ्या बाजूला लढत होते. कथेत त्यांचेच देशबांधव एका यानात बसत होते. इतिहासाने वाट मात्र निराळी धरली. १९५७ मध्ये, त्सिओलकोव्हस्कींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत गेला, तो अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी घडवलेल्या आर-७ क्षेपणास्त्राच्या बळावर. माणूस अवकाशात पोहोचला, तो शस्त्रस्पर्धेच्या खांद्यावर बसून.

८/ आणि खरे २०१७ साल उजाडले, तेव्हा? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात त्या वर्षी रशियन आणि अमेरिकन अंतराळवीर एकत्र राहत होते. जूनपर्यंत फ्रान्सचे थॉमस पेस्के तेथे होते. जुलैत इटलीचे पाओलो नेस्पोली पोहोचले. कादंबरीतल्या सहा राष्ट्रांपैकी चार राष्ट्रांची माणसे तिच्याच वर्षी कक्षेत होती. त्याआधी दोन वर्षे, २०१५ मध्ये, तेथेच पिकवलेल्या लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी चाखली होती. हरितगृहाचे स्वप्न अजून काही पानांपुरतेच खरे झाले आहे. एका यानातल्या सहप्रवासाचे मात्र त्याहून बरेच अधिक.