खेळी तीच, गुण वेगळे

२०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझा नातू तेव्हा आठवीत होता. एका संध्याकाळी त्याने मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. बर्फात कोरलेल्या लांबलचक घळीतून एक जपानी तरुण पायांना फळी बांधून उताराने खाली येत होता आणि दोन्ही काठांवरून आळीपाळीने हवेत उसळत होता. नातू म्हणाला, "आजोबा, नीट बघा. दोन्ही वेळा त्याने तेच केलंय. पण आधी मिळाले ९१.७५ आणि नंतर ९६. असं कसं?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता एका खेळाचा इतिहासच हाती लागला. तोच आज आपल्याला सांगणार आहे.

या खेळाचे नाव हाफपाइप स्नोबोर्डिंग. कौलारू घराची पन्हळ आठवा. ती प्रचंड मोठी करा, बर्फाची करा आणि डोंगरउतारावर ठेवा, की झाला हाफपाइप. त्याच्या भिंती २२ फूट, म्हणजे दुमजली घराएवढ्या उंच. खेळाडू एका भिंतीवरून हवेत झेपावतो, कोलांट्या आणि गिरक्या घेतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि त्या वेगानेच समोरची भिंत गाठतो. असे पाच-सहा डाव झाले की खेळी संपली. गुण देणारे पंच सहा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या चौघांची सरासरी काढतात. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ बोलते, लांब उडीत टेप बोलते. इथे उंची, अवघडपणा, विविधता आणि सफाई पाहून पंचांच्या मनावर जो ठसा उमटेल, तोच निकाल.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्म गुणांसाठी झालाच नव्हता. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शेर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याला नाव पडले 'स्नर्फर'. पुढे १९७७ मध्ये जेक बर्टनने व्हरमाँटमध्ये अशा फळ्या बनवण्याचा उद्योग सुरू केला. १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या टाहो सिटीत काही पोरांना गावाच्या कचरा डेपोजवळ एक नैसर्गिक घळ सापडली आणि तिथे ती उड्या मारू लागली. स्केटबोर्डवरच्या करामती त्यांनी बर्फावर आणल्या. स्कीच्या प्रतिष्ठित मैदानांवर मात्र या पोरांना बरीच वर्षे मज्जाव होता.

ज्यांना दाराबाहेर उभे केले, त्यांचीच नंतर गरज भासली. तरुण प्रेक्षक हवे होते म्हणून १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगचा समावेश झाला. पण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची सूत्रे स्नोबोर्ड खेळाडूंच्या स्वतःच्या महासंघाकडे न देता स्की महासंघाकडे सोपवली. त्या काळचा सर्वश्रेष्ठ हाफपाइपपटू होता नॉर्वेचा तेर्ये हॉकन्सन. स्नोबोर्ड महासंघाचे जगज्जेतेपद त्याने तीनदा मिळवले होते. ज्यांनी हा खेळ वाढवला त्यांना बाजूला सारून इतरांनी तो चालवावा, हे त्याला पटले नाही. तो नागानोला गेलाच नाही. भर पावसात झालेल्या अंतिम फेरीत स्वित्झर्लंडच्या जियान सिमेनने पहिले सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांनी तो जुना स्नोबोर्ड महासंघही बंद पडला.

खेळ मात्र वाढतच गेला. २००६ मध्ये तुरिनला आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला अमेरिकेच्या शॉन व्हाइटने सुवर्ण जिंकले. भिंती १८ फुटांवरून २२ फुटांवर गेल्या, उड्या उंचावल्या, कोलांट्या दुहेरी झाल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. व्हाइटचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी केविन पिअर्स ३१ डिसेंबर २००९ रोजी, व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या तोंडावर, सराव करताना पडला. डोक्याला शिरस्त्राण असूनही मेंदूला गंभीर इजा झाली. जीव वाचला, पण स्पर्धेत तो पुन्हा कधी उतरू शकला नाही.

आता नातवाच्या चित्रफितीतल्या तरुणाकडे येऊ. आयुमु हिरानोचा जन्म १९९८ चा, म्हणजे नागानोच्याच वर्षातला. जपानच्या मुराकामी गावात त्याचे वडील स्केटबोर्डचे मैदान चालवत. पंधराव्या वर्षी सोचीत त्याने रौप्यपदक मिळवले. २०१७ मध्ये एका स्पर्धेत पडून यकृताला आणि गुडघ्याला जबर दुखापत झाली. तरीही पुढच्याच वर्षी प्याँगचांगला पुन्हा रौप्य. सुवर्ण व्हाइटने नेले.

११ फेब्रुवारी २०२२. बीजिंग ऑलिम्पिकची अंतिम फेरी. प्रत्येकाला तीन संधी, सर्वोत्तम खेळी धरायची. पहिल्या खेळीत हिरानो पडला. दुसरीत त्याने तिहेरी कोलांटी साधली. हवेत तीनदा तिरके उलटून एकूण १४४० अंशांची फिरकी, म्हणजे चार पूर्ण गिरक्या. ती घेऊन अख्खी खेळी पूर्ण करणे ऑलिम्पिकमध्ये त्याआधी कुणालाच जमले नव्हते. गुण मिळाले ९१.७५. ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स ९२.५० वर पुढेच राहिला. प्रेक्षक खवळले, समालोचक संतापले. हिरानो गप्प राहिला. तो पुन्हा वर गेला आणि त्याच क्रमाने तेच डाव करून दाखवले. गुण ९६, आणि सुवर्ण.

नंतर तो म्हणाला, की ते आधीचे गुण मला मान्य नव्हते आणि तो राग मी शेवटच्या खेळीत उतरवला. खेळाडू जिवावर उदार होऊन उतरतात, तेव्हा मोजण्याची पद्धत तपासायला हवी, असेही त्याने सांगितले.

शेवटची खेळी थोडी अधिक सफाईदार होती, असे म्हणता येईल. पण सव्वाचार गुणांचा फरक त्यातून निघत नाही. माझ्या मते दुसऱ्या खेळीला कमी गुण मिळाले. हॉकन्सनने विचारले होते, की हा खेळ कुणी चालवायचा? चोवीस वर्षांनी हिरानोने विचारले, की तो कुणी आणि कशाने मोजायचा? प्रश्न एकाच घरचे आहेत. एकाने न जाऊन विचारला, दुसऱ्याने पुन्हा वर जाऊन.

हे सारे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, पण तिसऱ्या वेळी तो पडला असता तर?"

तर दुसऱ्या खेळीचे ते ९१.७५ आणि तिसरे रौप्यच त्याच्या नावावर राहिले असते. म्हणूनच हा प्रश्न त्याच्या सुवर्णपदकाने मिटत नाही.