काशीची सेवापरंपरा आणि स्वमग्न मूल

काशीत बदलून आलेल्या मराठी माणसास आपल्या पूर्वजांच्या दानधर्माच्या खुणा पावलोपावली भेटतात. श्रीविश्वेश्वराचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले. राजा घाटाशी अमृतराव पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात महाराष्ट्रीय घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि त्यांच्या आश्रयाने वेदपाठशाळा व अन्नछत्रे चालली. या दानाचे मानकरी कोण, हे मात्र पाहण्यासारखे आहे. यात्रेकरू, विद्यार्थी, संन्यासी, काशीवासास आलेल्या विधवा आणि मरणोन्मुख वृद्ध यांचीच सोय या नगरीने प्राधान्याने केली. १९०० साली काही तरुणांनी रस्त्यावर पडलेल्या रुग्णांची शुश्रूषा आरंभली आणि त्यातून रामकृष्ण मिशनचे सेवाश्रम उभे राहिले. देह ठेवण्यासाठी येणाऱ्यांकरिता येथे मुक्तिभवनही आहे. परंतु जे मूल दिसायला धडधाकट, पण हाकेला ओ देत नाही, तासन्‌तास एकच चाक फिरवीत बसते, कुकरच्या शिट्टीने कान दाबून किंचाळते, आणि ज्याला मरावयाचे नसून साठ-सत्तर वर्षे जगावयाचे आहे, त्याच्यासाठी या पुण्यक्षेत्री काय होते?

फारसे काही नव्हते. पांडेपूरचे वेड्यांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. १९१२ च्या कायद्याने अशा इस्पितळांचा कारभार नियमबद्ध झाला खरा, पण त्या कायद्याची दृष्टी वेड्यापासून समाजाचे रक्षण करण्याची होती; मुलाला शिकविण्याचा विचार त्यात कोठून असणार? शिवाय या अवस्थेस तेव्हा स्वतंत्र नावही नव्हते. ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९११ च्या सुमारास ‘ऑटिझम’ हा शब्द घडविला तो दुसऱ्याच एका मनोविकाराच्या वर्णनासाठी. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि १९४४ साली व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी तशाच काही मुलांचे वर्णन केले, तेव्हा या शब्दास आजचा अर्थ येऊ लागला. मराठीने त्यासाठी ‘स्वमग्नता’ हा सुरेख शब्द दिला. हिंदी राजपत्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या नावात ‘स्वपरायणता’ आहे. मराठी कानाला हा शब्द स्वार्थीपणाच्या फार जवळचा वाटतो, आणि ज्या मुलास स्वार्थ म्हणजे काय हेही कळत नाही त्याच्या माथी तो बसावा, हे आम्हांस रुचत नाही.

नाव नव्हते म्हणून अशी माणसे नव्हती, असे नव्हे. महानुभाव वाङ्मयात ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र आहे. ते मनास येईल त्या घरी शिरत, मुलासारखे हट्ट करीत, स्वतःशीच बोलत. लोक त्यांना वेडाही म्हणत आणि देवही म्हणत. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या महापुरुषास आजचे निदान चिकटविण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आमचे लक्ष जाते ते गावाकडे. कोणी त्यांना जेवू घालीत, कोणी सांभाळून घरी आणीत. सारे गावच त्यांचे घर झाले होते. ज्याला आज सामाजिक आधार म्हणतात तो वऱ्हाडातील त्या गावी तेराव्या शतकात श्रद्धेपोटी मिळाला. जेथे श्रद्धा नव्हती तेथे अशाच माणसाच्या पायात साखळी पडली असेल, हेही विसरून चालणार नाही.

पाश्चात्त्य जगाने पुढे आणखी एक अन्याय केला. आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल असे होते, असे मत तेथील काही तज्ज्ञांनी मांडले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, त्याचे सविस्तर खंडन केले. आपल्याकडे हे मत पुस्तकांतून येण्याची वाट कोणी पाहिली नाही. ‘आईचेच लक्ष नाही’ हे वाक्य सासरी-माहेरी आधीपासूनच तयार होते. ही अवस्था मेंदूच्या जन्मजात घडणीशी निगडित असून तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सिद्ध झालेले आहे; तरी ते वाक्य पुरते मेले आहे असे म्हणवत नाही.

संस्थांच्या बाबतीत दोन्हीकडे पुढाकार घेतला तो आईबापांनीच. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी संस्था काढली. दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ साली निघाली ती मेरी बरुआ या आईच्या धडपडीतून. काशीतला प्रारंभ किंचित निराळा आहे. १९९० साली जुडिथ केलर या स्विस बाईंनी येथे ‘किरण’ ही संस्था स्थापन केली. पोलिओने लुळी पडलेली मुले तेव्हा गल्लोगल्ली दिसत, आणि त्यांना शाळेत नेणे, कॅलिपर बांधून उभे करणे हे निकडीचे काम होते. पुढे शहराबाहेर माधोपूर येथे गंगेकाठी संस्थेचे छोटे गावच वसले. अपंग आणि निरोगी मुले एकाच वर्गात बसतात, हे तिचे वैशिष्ट्य. दरम्यान पोलिओ हटला. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. अपंग म्हणजे पाय नसलेला, डोळे नसलेला, ही लोकांची समजूत मात्र पोलिओबरोबर गेली नाही. २२ जानेवारी २०१६ रोजी वाराणसीत दिव्यांगांना साधनांचे मोठे वाटप झाले. तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे ज्यांना मिळाली त्यांचे दैन्य निःसंशय हलके झाले. परंतु स्वमग्न मुलास देता येईल असे यंत्र कोणत्याच भांडारात नसते. त्याला लागते ते माणूस. रोज त्याच वेळी येणारी, तेच शब्द शांतपणे पुन्हा उच्चारणारी शिक्षिका लागते.

कायदाही असाच सावकाश आला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो प्रथम आला. ‘निरामय’ या विमायोजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची तरतूद झाली ती याच न्यासामार्फत. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी २००९ मध्ये तयार झाली. तिच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची अधिसूचना निघाली ती एप्रिल २०१६ मध्ये. २०१६ च्या नव्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि त्यांत स्वमग्नतेस स्वतंत्र स्थान मिळाले.

आमच्या वाचकांस अधिक जवळचा आहे तो कार्मिक विभागाचा ६ जून २०१४ चा आदेश. अपंग मुलाची मुख्य काळजी वाहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नेहमीच्या फिरत्या बदलीतून, प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून, सूट देता येईल, असे त्यात सांगितले होते. मूळ आदेशात स्वमग्नता नव्हती. ती १७ नोव्हेंबर २०१४ च्या दुरुस्तीने आली, आणि ८ ऑक्टोबर २०१८ च्या एकत्रित आदेशाने जोडीदार, आईवडील व भावंडे यांची काळजी वाहणारेही त्यात आले. आम्ही आयुष्यभर आदेशच वाचत आलो आहोत. त्यांची भाषा बहुधा कोरडी असते. या आदेशात मात्र मुलाचा आधार कशाकशाचा बनतो याची यादी आहे आणि तीत शाळा, शेजारी, मित्र, शिक्षक, वैद्य यांच्याबरोबर भाषेचा प्रदेशही मोजला आहे. परप्रांतात मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घरात आजी ‘बाळा, ये’ म्हणते, उपचारकेंद्रात बाई ‘इधर आओ’ म्हणतात. एक शब्द महिनोन्‌महिने झगडून मिळविणाऱ्या मुलापुढे दोन भाषा उभ्या राहतात, आणि मग ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला सहज दिला जातो. दोन भाषा कानी पडल्याने अशा मुलांची हानी होते असे संशोधनात आढळलेले नाही. आई ज्या भाषेत मोकळेपणाने हसते ती भाषा मुलापासून तोडणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही.

तथापि हा आदेश दुधारी आहे. बदली थांबली म्हणजे मुलाची शाळा टिकते, पण गावाकडची आत्या, मामा, चुलते दूरच राहतात; आणि बदली मागून गावी गेले तर जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक मिळेलच असे नाही. बहुतेक कुटुंबे या दोहोंमध्ये कोठेतरी अडकलेली असतात. वडिलांची एका ठिकाणी नोकरी, आई मुलास घेऊन पुण्यास, अशी दोन बिऱ्हाडे कित्येकांनी मांडली आहेत.

आणि मुलाने अठरा वर्षे ओलांडली की प्रश्न बदलतो. कायद्याने ते सज्ञान होते, बँकेत सही त्याची लागते. राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती तिचे सदस्य असतात, आणि पालकत्वाची नेमणूक ही समिती करते. आईबापांनाही स्वतःच्या मुलाचे पालक म्हणून तेथे अर्ज करावा लागतो, हे वाचून प्रथम विचित्र वाटते. आपल्या पश्चात कोण, हे ठरविण्यासाठी पुन्हा त्याच दारी जावे लागते. त्यासाठी भाऊ, पुतण्या, भाचा यांपैकी कोणाला तरी आधी समोर बसवून विचारावे लागते. काशीस लोक निश्चिंत मनाने देह ठेवण्यास येतात. याच शहरात नोकरी करणाऱ्या या आईबापांना मात्र आपण मुलाच्या आधी जाऊ नये असे वाटत असते, आणि ते उघड बोलण्याचीही चोरी असते. अर्ज निवृत्तीपर्यंत लांबणीवर पडतो तो बहुधा याच कारणाने. तो मूल अठराचे होताच करून टाकावा, सुचविलेल्या नातलगाचे संमतिपत्र सोबत जोडावे आणि पोहोचपावती जपून ठेवावी, एवढे आम्ही आमच्या कारकुनी अनुभवावरून सुचवितो.