छायाचित्रातील देहाचे कर्तेपण

1995 साली बुटांच्या एका जाहिरातीवरून मुंबईत वादळ उठले. ‘टफ’ बुटांची ती कृष्णधवल जाहिरात: मधू सप्रे आणि मिलिंद सोमण एकमेकांना बिलगून उभे, अंगावर पायांतल्या बुटांखेरीज काहीही नाही, आणि दोघांच्या देहांभोवती एक अजगर. पोलिसांच्या समाजसेवा शाखेने अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला. जाहिरात संस्था, ती छापणाऱ्या नियतकालिकांचे प्रकाशक-वितरक, दोन्ही मॉडेल आणि छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता असे सारे आरोपी झाले. खटला चौदा वर्षे रेंगाळला आणि 2009 मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. सप्रे आणि सोमण ही आडनावे नसती, तर मराठी घरांतून त्या चित्राची एवढी चर्चा झाली असती का, अशी शंका मला नेहमी येते.

दासगुप्ता यांचा जन्म 1956 मध्ये कोलकात्यात झाला. वडील प्रदोष दासगुप्ता हे ‘कलकत्ता ग्रुप’च्या संस्थापकांपैकी एक नामवंत शिल्पकार. मुलगा मात्र इतिहास शिकला, जाहिरातींचा मजकूर लिहू लागला आणि छायाचित्रण स्वतःच्या स्वतः शिकला. जाहिरातीनंतरच्याच वर्षी, 1996 मध्ये, ‘विमेन’ हे त्यांचे पुस्तक आले. त्यात शहरी भारतीय स्त्रियांची नग्न छायाचित्रे होती. पुढे लडाखवर आणि गोव्यातील कॅथलिक समाजावर त्यांनी पुस्तके केली. 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. ‘विमेन’मधील चित्रे पाहताना शिल्पकाराच्या घरात वाढलेला डोळा जाणवतो. खांदा, पाठ, मांडी यांवर प्रकाश ज्या रीतीने थांबतो ती रीत दगडाशी परिचय असलेल्या माणसाची आहे. पण नेमकी हीच या चित्रांची मर्यादाही वाटते. देह शिल्पवत झाला की तो कोणाचा, हे विचारायचे राहून जाते.

न्यायालयानेही ते विचारले नाही. त्याचे कारण आपल्या अश्लीलताविषयक कायद्याच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधील 1868 च्या हिक्लिन निवाड्याने एक कसोटी घालून दिली: कलाकृतीची प्रवृत्ती संस्कारक्षम मने बिघडवण्याची आहे का? मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये तीच कसोटी मान्य केली. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली होती. तिच्यावरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये काकोडकर सुटले. मराठीच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. या सगळ्या वादांत न्यायाधीशाची नजर वाचकाकडे असते: वाचक बिघडेल का? कथेपुरते हे एक वेळ चालून जाते, कारण श्यामा ही कागदावरची स्त्री. तिला कोणी कॅमेऱ्यासमोर उभे केलेले नव्हते. छायाचित्रासाठी मात्र एक जिवंत व्यक्ती विशिष्ट दिवशी, विशिष्ट खोलीत, कोणाच्या तरी सांगण्यावरून उभी राहिलेली असते. कथेसाठी घडवलेली कसोटी छायाचित्राला लावताना हा फरक गळून पडला.

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1927 ते 1953 या काळात चाललेल्या या मासिकाच्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रियांची चित्रे असत. नग्न देह स्वतः अश्लील नसतो, ही कर्वे यांची भूमिका होती आणि ती त्यांनी हट्टाने निभावली. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही दंड झाला. तो खटला वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवरचा होता, मुखपृष्ठावरचा नव्हे. कर्वे यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही त्या मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया निनावी आहेत, आणि त्यांच्या बाजूने वा विरुद्ध भांडणाऱ्यांपैकी कोणालाही त्यांच्या नावाची गरज भासली नाही.

ही गरज किती खरी आहे, ते जपानमध्ये दिसले. नोबुयोशी अराकी (जन्म 1940) यांचे नाव गेली अनेक दशके कलाजगतात स्तुती आणि निषेध या दोन्हींसह घेतले जाते. 1971 मध्ये योकोशी लग्न झाल्यावर मधुचंद्राची छायाचित्रे त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढली. आपल्या या कामाचे नाते त्यांनी जपानी ‘मी-कादंबरी’शी जोडले, म्हणजे लेखकाने स्वतःचे खाजगी आयुष्य उघडे करून लिहिण्याच्या परंपरेशी. 1990 मध्ये योकोचे निधन झाले. त्या दिवसांची छायाचित्रे पाहताना माझ्यासारखा साशंक वाचकही गप्प होतो. दुसरीकडे, दोरांनी बांधलेल्या स्त्रियांची त्यांची छायाचित्रे वादाचा विषय झाली. 1992 मध्ये एका प्रदर्शनावरून त्यांना दंड झाला. तेव्हाचा जपानी कायदा देहाचे कोणते भाग दिसतात हे मोजत होता. आपला कायदा मनाचे बिघडणे मोजतो, एवढाच काय तो भेद.

मग 2018 मध्ये काओरी या नर्तकीने लिहिले. 2001 पासून सुमारे पंधरा वर्षे ती अराकींसाठी उभी राहत होती आणि त्यांची ‘प्रेरणा’ म्हणून तिचा गौरव होत होता. करार कधीच झाला नाही, आपली छायाचित्रे आपल्याला न विचारता पुस्तकांत आणि प्रदर्शनांत गेली, असे तिने सांगितले. अश्लीलतेचा मुद्दा तिच्या लेखनात गौण होता. ‘मी-कादंबरी’तल्या ‘मी’खेरीजच्या माणसाने त्या कादंबरीला दिलेले ते उत्तर होते. मराठी वाचकाला हे फार अनोळखी वाटू नये. प्रसिद्ध पुरुषाच्या आयुष्यातली स्त्री स्वतः लिहू लागली की आधीचे सारे वाचन कसे हलते, हे सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ने 1990 मध्ये दाखवून दिले होते.

आता पुन्हा 1995 च्या खटल्याकडे पाहिले तर दोन विचित्र गोष्टी दिसतात. अजगर वापरल्याबद्दल जाहिरात संस्थेविरुद्ध वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळा खटला गुदरला गेला. त्या चित्रातल्या तीन जीवांपैकी आपल्याशी कसे वागले गेले हा प्रश्न ज्याच्या वतीने कायद्याने विचारला, असा एकटा तो अजगर! दुसरी गोष्ट अशी की सप्रे आणि सोमण आरोपी होते. आरोप अन्यायाचाच होता, पण त्यात एक कबुली दडलेली होती: हे चित्र तुम्हीही केले आहे. मुखपृष्ठावरच्या निनावी स्त्रियांना आणि पंधरा वर्षे काओरीला जे कर्तेपण कोणी दिले नाही, ते या दोघांना पोलिसांच्या कागदावर मिळाले.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात हिक्लिन कसोटी बाजूला सारली. वाद होता टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांच्या नग्न छायाचित्राचा. ते 1993 मध्ये भारतात पुनर्मुद्रित झाले होते. चित्रामागे वर्णद्वेषाला विरोध करण्याचा हेतू होता, हे न्यायालयाने लक्षात घेतले. त्याच निकालपत्रात आणखी एक नोंद आहे, ओझरतीच: ते छायाचित्र मुलीच्या वडिलांनी काढले होते.