टी पेशी : एका संज्ञेचा आणि एका संशोधनाचा इतिहास

पुण्याहून साताऱ्यास जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. तेथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय 1988 साली स्थापन झाले. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला कोंबडीचे शवविच्छेदन करताना दोन अवयव आवर्जून पाहावे लागतात. एक म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंस माळेसारखी पसरलेली थायमस ग्रंथी, आणि दुसरा म्हणजे मलमूत्राच्या सामाईक मार्गाच्या वरच्या अंगास असलेली ‘बर्सा’ नावाची छोटी थैली. गंबोरो ह्या रोगाचा विषाणू नेमका ह्या थैलीवर आघात करतो. म्हणून कुक्कुटपालकाच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची. परंतु ह्याच दोन अवयवांच्या नावांतून आधुनिक प्रतिरक्षाशास्त्राच्या दोन मूलभूत संज्ञा जन्मास आल्या आहेत. थायमसमध्ये परिपक्व होतात त्या टी पेशी, आणि बर्साशी निगडित असतात त्या बी पेशी.

ह्या संज्ञांचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 1956 साली अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, लहानपणीच बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्या प्रतिपिंडे निर्माण करू शकत नाहीत. हा शोध कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि काही काळ वैद्यकाच्या नजरेआडच राहिला. 1961 साली लंडन येथे जॅक मिलर ह्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. त्या उंदरांच्या रक्तातील लसीकापेशी रोडावल्या, आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर विनातक्रार रुजली. 1965 साली कूपर आणि गुड ह्यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांनी ह्या दोन व्यवस्था परस्परांहून भिन्न असल्याचे सिद्ध केले. 1969 साली आयव्हन रॉइट ह्यांनी ‘टी’ व ‘बी’ ही अक्षरे सुचविली. मराठी परिभाषेत थायमसला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे. तारुण्यात येताच जी आकसू लागते ती, असा त्याचा अर्थ. हे नाव वस्तूचे यथार्थ वर्णन करते, हे मान्य केले पाहिजे.

ह्याच्या पुढील नामकरणाची कथा मात्र इतकी निर्दोष नाही. टी पेशींचे प्रकार जसजसे ध्यानात येत गेले, तसतशी त्यांना ‘साहाय्यक’, ‘मारक’, ‘दमनकारी’ अशी नावे मिळाली. ही नावे गुणधर्माची नव्हेत. ती भूमिकेची आहेत, किंबहुना नाटकातील पात्रांची आहेत. ‘दमनकारी’ पेशींचा गाजावाजा 1970 नंतरच्या दशकात फार झाला, पण त्यांचा जनुकीय आधार शोधू जाता तो सापडेना, आणि ती कल्पनाच काही वर्षे संशयास्पद ठरली. 1995 साली साकागुची ह्यांनी टी पेशींचा एक निश्चित गट दाखवून दिला तेव्हा ती ‘नियामक’ ह्या नव्या नावाने परतली. त्या संशोधनास 2025 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्याकडील सुबोध लेखनात तर शरीर म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे शत्रू आणि पेशी म्हणजे मावळे, हे रूपक इतके रूढ झाले आहे की ते रूपक आहे ह्याचेच विस्मरण पडते.

ह्या रूपकाची मर्यादा कोठे येते, हे महाराष्ट्रातील एका संशोधनक्रमावरून चांगले दिसून येते. परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि 1952 साली डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था उभी राहिली. संस्था कर्करोगाची असली तरी कुष्ठरोगाचा अभ्यास तेथे आरंभापासून होत आला. पुढे ती ‘कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट’ झाली, आणि 2002 साली खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ ह्या केंद्रात तिचे स्थलांतर झाले. डॉ. शुभदा चिपळूणकर ह्यांचे टी पेशींविषयीचे दीर्घकालीन कार्य ह्याच संस्थेतील होय. 2013 ते 2018 ह्या काळात त्या ॲक्ट्रेकच्या संचालकही होत्या.

त्यांच्या कार्याचा एक प्रारंभीचा टप्पा कुष्ठरोगाशी निगडित आहे. 1986 साली स्टीफन काउफमान आदी संशोधकांसमवेत त्यांनी असे दाखविले की, उंदरांमध्ये कुष्ठजंतूंना ओळखणाऱ्या आणि इतर पेशींचा नाश करण्याची क्षमता असणाऱ्या टी पेशी निर्माण होतात. कुष्ठरोगात मज्जातंतूंची जी हानी होते ती केवळ जंतूंमुळे होत नाही; प्रतिरक्षेच्या प्रतिसादाचाही तीत वाटा असतो. तेव्हा जंतू धारण करणाऱ्या पेशीचा नाश म्हणजे नेहमीच रुग्णाचा लाभ असे म्हणता येत नाही.

पुढे त्यांचे लक्ष गॅमा-डेल्टा टी पेशींकडे वळले. टी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक बहुधा आल्फा आणि बीटा ह्या दोन साखळ्यांचा असतो; गॅमा आणि डेल्टा साखळ्यांचा दुसरा प्रकार 1986 च्या सुमारास निश्चित झाला. माणसाच्या रक्तातील टी पेशींत ह्यांचे प्रमाण सामान्यतः शेकडा 1 ते 5 इतके अल्प असते. 1999 आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांत चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, मुखाच्या व अन्ननलिकेच्या कर्कपेशींना ह्या गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, आणि ही ओळख ‘हीट शॉक’ प्रथिनांच्या, म्हणजे पेशीवर ताण पडला असता वाढणाऱ्या प्रथिनांच्या, द्वारे घडते. ह्याच कुळातील प्रथिने क्षय आणि कुष्ठ ह्यांच्या जंतूंतही ठळकपणे आढळतात. म्हणजे कुष्ठापासून कर्करोगापर्यंतचे अंतर वाटते तितके मोठे नाही.

येथवरची हकीकत ‘मावळ्यां’च्या रूपकात बसण्यासारखी आहे. परंतु 2016 साली त्यांच्या प्रयोगशाळेने पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने ही बैठक मोडली. त्या रुग्णांत इंटरल्यूकिन-17 हे संकेतद्रव्य स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या आढळल्या. हे द्रव्य नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस उत्तेजन देते, आणि रक्तवाहिन्या वाढल्या की अर्बुदाचे पोषण होते. ज्या रुग्णांत ह्या पेशी अधिक, त्यांचे आयुर्मान कमी, असा संबंध दिसून आला. कुळ तेच, एका स्थळी अर्बुदाचा नाश, दुसऱ्या स्थळी त्याचेच पोषण.

ह्याचे स्पष्टीकरण ‘फितुरी’ ह्या शब्दाने करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. पेशी काय करील हे तिच्या कुळावरून ठरत नाही. तिला कोणते संकेत, कोणाकडून, कोणत्या परिस्थितीत मिळतात ह्यावर ते ठरते. 2014 साली चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी ‘नॉच’ ह्या संकेतमार्गाचा विचार केला. फळमाशीच्या पंखांवरील खाचेवरून हे नाव पडले आहे. शेजारची पेशी प्रत्यक्ष स्पर्श करते, ग्राहकाचा आतील तुकडा तुटतो आणि तो केंद्रकात जाऊन जनुकांना कामास लावतो. हा मार्ग रोखला असता गॅमा-डेल्टा पेशींची वाढ मंदावते आणि त्यांची मारकशक्तीही उणावते, असे त्यांना आढळले. सारांश, ‘मारक’ हा त्या पेशीचा स्वभाव नव्हे; ती शेजाऱ्याच्या संगतीत प्राप्त झालेली अवस्था होय.

भाषेच्या अभ्यासकाला हे अपरिचित वाटू नये. शब्दाचा अर्थ प्रकरण, स्थळ आणि साहचर्य ह्यांवाचून निश्चित होत नाही, हे आपल्या वैयाकरणांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. परंतु भाषेतील चुकीच्या रूपकाने फार तर एखादे विवेचन बिघडते; येथे त्याचा परिणाम रुग्णावर होतो. गॅमा-डेल्टा पेशी वाढवून त्या उपचारासाठी योजाव्यात, ह्या दिशेने जगभर प्रयत्न चालू आहेत. त्या ‘आपल्या’ म्हणून सरसकट वाढवावयाच्या, की कोणत्या अवयवात त्या कोणता संकेत ऐकत आहेत हे प्रथम तपासावयाचे, हा प्रश्न केवळ शब्दांचा उरत नाही.

शिरवळच्या विच्छेदनमेजावरील कोंबडीत, तसेच गोठ्यातल्या वासरातही, गॅमा-डेल्टा पेशींचे प्रमाण माणसाच्या मानाने कित्येक पटींनी अधिक असते. ‘टी’ आणि ‘बी’ ही नावे वैद्यकाला कोंबडी आणि उंदीर ह्यांच्याकडून मिळाली. ह्या पेशी मुळात कशासाठी आहेत, हेही कदाचित पशुवैद्यकाकडूनच शिकावे लागेल. तोपर्यंत मराठीत ह्या विषयावर लिहिणाऱ्याने पेशीला मावळा अथवा फितूर म्हणण्यापूर्वी ती कोठे आहे आणि कोणाशी बोलत आहे, एवढे तरी विचारावे.