४१२१०९ : देहूच्या पिनकोडमध्ये दडलेलं गणित

देहू म्हटलं की संत तुकाराम महाराज, इंद्रायणी आणि पालखी आठवते. टपाल खात्यासाठी मात्र देहूची ओळख सहा आकडी आहे : ४१२१०९. पत्ता क्षणभर विसरून याकडे फक्त संख्या म्हणून पाहिलं, तर काय दिसतं?

हा आकडा आला कुठून?

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. पहिला आकडा विभाग सांगतो (महाराष्ट्रासाठी ४), पहिले तीन आकडे टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय.

मूळ संख्या आहे का?

हो. ४१२१०९ ला १ आणि स्वतःशिवाय कशानेही निःशेष भाग जात नाही. ६४२ चा वर्ग ४,१२,१६४ म्हणजे या संख्येहून मोठा. त्यामुळे ६४१ पर्यंतच्या ११६ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की खात्री होते.

दोन वर्गांची बेरीज

४ ने भागल्यावर १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते, हा फर्माचा सिद्धांत. इथे ती जोडी अशी : ५९० चा वर्ग + २५३ चा वर्ग = ३,४८,१०० + ६४,००९.

कापरेकरांच्या कसोट्या

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (जन्म १९०५, डहाणू) यांनी संख्यांचे अनेक वर्ग शोधले.

- हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेने भाग जायला हवा. इथे बेरीज १७, पण बाकी १२ उरते. म्हणून नाही.
- स्वयंभू संख्या : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. पण ४१२०८७ + २२ = ४१२१०९. म्हणून हीही नाही.
- कापरेकर प्रक्रिया : अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करत राहायचं. चार आकडी संख्या ६१७४ वर थांबतात (सगळे अंक सारखे नसतील तर). ४१२१०९ मात्र पाचव्या वजाबाकीला ८५१७४२ वर पोहोचते आणि सात संख्यांच्या चक्रात कायमची फिरत राहते.

शेजारचा देहूरोड

देहूरोडचा पिनकोड ४१२१०१. अंकांची बेरीज ९, आणि ९ × ४५७८९ = ४१२१०१. म्हणजे ही हर्षद संख्या, मूळ नव्हे. गणितात दोघींचे वर्ग वेगळे, पण पत्त्यात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

मग याचा उपयोग काय?

आधार क्रमांकातला शेवटचा आकडा पडताळणीसाठी असतो. एक आकडा चुकला तरी संगणक चूक पकडतो. पिनकोडमध्ये अशी सोय नाही. ९ च्या जागी १ लिहिला, तरी तो वैध पिनकोडच ठरतो आणि देहूचं पार्सल देहूरोडकडे जाऊ शकतं. संख्या मूळ असली, तरी ती चूक ओळखत नाही. शेवटचा आकडा आपणच तपासावा लागतो.